उभ्या विमानाभोवती काम करताना: कुठे लागतं, का लागतं आणि ते कसं टाळायचं

विमान बेवर (उभं करायच्या ठरलेल्या जागेवर) लागलं की अर्ध्या तासात त्याच्याभोवती पंधरा-वीस माणसं आणि सात-आठ गाड्या जमतात. लोडर, टेक्निशियन, इंधनवाले, केटरिंगवाले, सफाईवाले, टॉयलेट सर्व्हिसची गाडी, पाण्याची गाडी. सगळ्यांना घाई असते आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं काम साधारणच माहीत असतं. विमान उभं आहे म्हणजे ते बंद आहे, असं मनात बसलेलं असतं. इथेच फसगत होते. बेवर उभ्या विमानात इंजिनाचा पंखा फिरत असू शकतो, हायड्रॉलिक लाइनमध्ये ३००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब असतो, टायरमध्ये २०० पीएसआयच्या आसपास नायट्रोजन असतो, ब्रेक तीनशे अंशांवर गेलेले असू शकतात, आणि जेटच्या दरवाजाचा उंबरठा जमिनीपासून अडीच ते पाच मीटर वर असतो. म्हणून कुठल्याही भागाला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: या भागात आत्ता कसला जोर शिल्लक आहे?

पुढचा मजकूर विमान येण्यापासून पुशबॅकपर्यंतच्या (ट्रॅक्टरने विमान मागे ढकलून बाहेर काढेपर्यंतच्या) क्रमाने आहे. आकडे मुख्यतः ए-३२०, बोइंग ७३७ आणि एटीआर-७२ या विमानांचे आहेत, कारण मुंबई, पुणे, गोवा, नागपूर, कोल्हापूर इथे रोज हीच विमानं हाताळावी लागतात. तुमच्या कंपनीच्या पुस्तिकेत याहून कडक अंतर दिलं असेल तर तेच पाळायचं.

बेवर जाण्याआधी

रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घातलेलं आणि पूर्ण बंद हवं. उघडं, फडफडणारं जॅकेट इंजिनासमोर धोक्याचं आणि बेल्ट लोडरजवळही (सामान चढवणाऱ्या पट्ट्याच्या गाडीजवळही) तितकंच धोक्याचं. पुढून पोलादी टोपी असलेले, न घसरणारे बूट. गळ्यातलं ओळखपत्र जॅकेटच्या आत किंवा दंडावरच्या पाऊचमध्ये. अंगठी आणि कडं काढून ठेवा: डॉलीच्या (ट्रॅक्टरमागे जोडायच्या सामानाच्या गाड्याच्या) हुकात किंवा कार्गो दरवाजाच्या लॅचमध्ये अंगठी अडकली की बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते.

कानांचं संरक्षण बहुतेकजण खिशात ठेवतात. एपीयू (विमानातलंच वीज देणारं छोटं इंजिन) आणि जीपीयू (बाहेरून वीज देणारं युनिट) चालू असताना बेवरचा आवाज सहज ८५ डेसिबलच्या वर जातो, आणि या पातळीवर रोजची आठ तासांची पाळी काढली तर काही वर्षांत ऐकू येणं कमी होतं. ते परत येत नाही. इंजिन चालू असेल तर इअरप्लग आणि वरून मफ, दोन्ही. फोमचा प्लग बोटांत चोळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला प्लग जवळजवळ निरुपयोगी असतो.

विमान आलं: इंजिन थांबेपर्यंत

ठिकठिकाणी नियम एकच आहे: इंजिन बंद, लाल बीकन (विमानावरचा लुकलुकणारा दिवा) बंद, मार्शलर (विमानाला हातांनी वाट दाखवणारा) किंवा इनचार्जचा इशारा, मगच पुढे. पण फक्त बीकनवर भिस्त ठेवू नका. बीकन कॉकपिटमधल्या स्विचने बंद होतो, इंजिन मात्र नंतरही काही वेळ फिरत राहतं. पंख्याच्या मधल्या शंकूवर पांढरी वळणदार रेघ असते ती याचसाठी: पंखा फिरत असताना ती गरगरताना दिसते, थांबल्यावर स्थिर. सुरक्षित अंतरावरून ती बघायची. मागून वारा असेल तर बंद इंजिनाचा पंखाही वाऱ्याने फिरतो. त्यात ओढ नसते, पण पाती हात तोडायला पुरेशी असतात.

इंजिनासमोर किती अंतर? ७३७ च्या उत्पादकाच्या आकृतीत आयडल (सर्वांत कमी) पॉवरला तोंडासमोरचा धोक्याचा पट्टा साधारण १० फुटांचा आहे, पॉवर वाढली की तो वाढतो. अनेक कंपन्या सरसकट १५ फूट धरतात आणि ते योग्यच आहे, कारण बेवर कोणी टेप घेऊन उभं राहत नाही. ओढ फक्त समोरून नसते, बाजूनेही असते, इंजिनाच्या ओठाच्या थोडं मागेपर्यंत. मागच्या बाजूला ७३७ साठी आयडललाच १०० फूट सोडायचे. विमान जागेवरून हलवण्यासाठी पॉवर वाढवली की ते अंतर कित्येक पटींनी वाढतं. डॉलीवरची रिकामी कंटेनर आणि ट्रॉलीवरचं प्लास्टिक यात सगळ्यात आधी उडतं.

एपीयू बिघडलेला असेल तेव्हा विशेष सांभाळायचं. अशा वेळी बाहेरची वीज मिळेपर्यंत वैमानिक एक इंजिन चालू ठेवतो. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेत माँटगोमेरी विमानतळावर एम्ब्रेयर १७५ जातीच्या विमानाचं असंच झालं. इंजिन चालू राहणार आहे हे कर्मचाऱ्यांना आधी सांगितलं होतं, तरी एक रॅम्प कर्मचारी पंखाच्या पुढच्या कडेने चालत थेट इंजिनासमोर आली आणि आत ओढली गेली. त्यामुळे एपीयू बंद असलेलं विमान येणार असेल तर हा क्रम:

१. विमान येण्याआधी सगळ्यांना एकत्र करून कुठलं इंजिन चालू राहणार ते सांगा, आणि त्या बाजूला कोणीही जाणार नाही हे नावं घेऊन ठरवा.
२. पुढच्या चाकाला चॉक (चाक अडवणारी पाचर) लावणारा एक आणि जीपीयू जोडणारा एक, एवढेच दोघे नाकाच्या सरळ रेषेत जातील आणि त्याच वाटेने परत येतील.
३. कोन (धोक्याच्या खुणेचे शंकू), बेल्ट लोडर, शिडी यांतलं काहीही इंजिन थांबेपर्यंत हलणार नाही.
४. वैमानिकाने इंजिन बंद केल्याचं हेडसेटवर कळलं आणि पंखा थांबलेला डोळ्यांनी दिसला की मगच बाकीचे.

चॉक, जीपीयू, कोन

चॉक लावताना चाकाच्या बाजूने नव्हे, पुढून किंवा मागून वाका आणि हात चाक आणि चॉक यांच्या मध्ये येऊ देऊ नका. ब्रेक सुटला तर विमान काही इंच सरकतं, बोटं चिरडायला तेवढं पुरतं.

जीपीयूची केबल ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ, तीन फेजची असते आणि दांडगी जड असते. ती ओढताना खांदा जातो, म्हणून केबल खांद्यावर टाकून चालायचं, जमिनीवरून फरफटवायची नाही. जोडताना आणि काढताना जीपीयूचं आउटपुट बंद असलंच पाहिजे. लोड चालू असताना प्लग उपसला तर ठिणगीचा लोळ उठतो, हात आणि चेहरा भाजतो. पावसाळ्यात प्लग डबक्यात पडला असेल तर पुसून चालवायचा नाही, दुसरं युनिट मागवायचं.

गाड्यांबद्दल थोडक्यात. विमानाच्या भोवतीच्या रेघेआत शिरण्याआधी एकदा पूर्ण थांबून ब्रेक तपासायचा, विमानाजवळ पुन्हा एकदा, आणि शेवटचं अंतर माणसाच्या चालीने. मागे घेताना मागे इशारा देणारा माणूस हवा. तो दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची. डॉली जोडताना दोन डॉलींच्या मध्ये उभं राहून ड्रायव्हरला 'ये, ये' म्हणणं ही सवय आमच्याकडे सर्रास दिसते. पाय आणि माणसं त्यातच जातात. ट्रॅक्टर थांबू द्या, मग जोडा.

चाकं आणि ब्रेक

उतरल्यावर लगेच ब्रेक सर्वांत गरम असतात असा समज आहे. प्रत्यक्षात ब्रेकच्या चकत्यांमधली उष्णता रिमपर्यंत झिरपायला वेळ लागतो आणि बेवर थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी तापमान चढलेलं असतं, म्हणजे नेमकं तुम्ही त्या चाकाशेजारी उभे असता तेव्हा. ए-३२० च्या कॉकपिटमध्ये ३०० अंश सेल्सिअसला इशारा येतो. रिममध्ये वितळणारे प्लग असतात. रिम फार तापली की ते वितळून टायरची हवा सोडून देतात, म्हणजे टायर फुटत नाही. पण त्यावर विसंबून बाजूला उभं राहायचं नाही. चाक फुटलं तर रिमचे तुकडे अॅक्सलच्या दिशेने, म्हणजे बाजूला उडतात. म्हणून मुख्य चाकांकडे पुढून किंवा मागून जायचं. धूर, जळका वास किंवा खाली बसलेला टायर दिसला तर सगळ्यांना बाजूला काढा, वैमानिकाला आणि अग्निशमन दलाला कळवा. आपण होऊन पाण्याची बादली ओतायची नाही: तापलेली रिम एका जागी अचानक थंड झाली की तडकते.

दरवाजे आणि उंची

पडणं हा बेवरच्या गंभीर इजांमधला मोठा प्रकार आहे, आणि तो कंटाळवाणा वाटतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईत बोइंग ७७७ चा दरवाजा बंद करताना एक हवाई सुंदरी खाली अॅप्रनवर (विमानं उभी राहतात त्या जमिनीवर) पडली आणि पायाला फ्रॅक्चर झालं.

शिडी किंवा केटरिंगची गाडी काढण्याचा क्रम पक्का असू द्या. आधी आतल्या माणसाला कळवा, दरवाजा बंद झालेला स्वतः बघा, मग शिडीवरून उतरा, मग शिडी हलवा. 'तो बंद करतोय' असं ऐकून शिडी ओढायची नाही. दरवाजा उघडाच ठेवावा लागणार असेल तर उंबरठ्यावर पट्टा लावतात, पण तो पट्टा फक्त आठवण द्यायला असतो. माणसाचं वजन तो पेलणार नाही.

विमान जागच्या जागी वर-खाली होतं हेही विसरू नका. सामान उतरलं की ते वर उचललं जातं, इंधन आणि प्रवासी भरले की खाली बसतं. शिडीचा रबरी बंपर दरवाजाच्या खालच्या कडेशी घट्ट चिकटवला असेल तर काही वेळात दरवाजा त्यावर टेकतो. थोडी फट ठेवा आणि मधून मधून ती बघत राहा.

बाहेरून दरवाजा उघडताना दोन गोष्टी. पहिली, आतला दाब. २० नोव्हेंबर २००० रोजी मायामीत एअरबस ए-३०० च्या केबिनमध्ये दाब शिल्लक असताना दरवाजा उघडला गेला आणि केबिन पर्सर बाहेर फेकला जाऊन मरण पावला. ए-३२० च्या दरवाजाच्या खिडकीत लाल 'केबिन प्रेशर' दिवा असतो. तो लुकलुकत असेल तर हँडलला हात लावायचा नाही. दुसरी, आणीबाणीची घसरगुंडी. ए-३२० मध्ये बाहेरचं हँडल उचललं की ती आपोआप निकामी होते. ७३७ मध्ये तसं नाही. तिथे आतली आडवी कांब जमिनीच्या कड्यांत अडकवलेली असताना बाहेरून दरवाजा उघडला तर घसरगुंडी फुगते आणि शिडीवरच्या माणसाला उडवते. ७३७ च्या खिडकीवर आडवा लाल पट्टा दिसला तर समजा ती तयार आहे: खिडकीवर टकटक करा, आतल्याकडून अंगठ्याचा इशारा येईपर्यंत थांबा.

पावसाळ्यात शिडीची पायरी, अॅप्रनवरचा रंगाचा पट्टा आणि सांडलेलं तेल हे तिन्ही सारखेच निसरडे. विजेचा इशारा आला की हेडसेटची वायर विमानाला जोडून उभं राहणं बंद. मे महिन्यात नागपूरच्या अॅप्रनवर काँक्रीटच तापून निघतं. डोकं दुखायला लागलं, घाम यायचा थांबला, बोलणं तुटक झालं तर त्या माणसाला सावलीत न्या, अंगावर पाणी टाका आणि डॉक्टरला बोलवा.

होल्डमधलं सामान

लोडरच्या इजा क्वचितच बातमीत येतात, पण आजारपणाच्या सुट्टीवर जाणाऱ्यांत सगळ्यात जास्त पाठीचे आणि गुडघ्यांचे रुग्ण असतात. ए-३२० च्या होल्डची (विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्याची) उंची सव्वा मीटरच्या आसपास, ७३७ ची त्याहूनही कमी. म्हणजे उभं राहून उचलता येत नाही, गुडघ्यांवर बसून उचलावं लागतं. त्यात कंबरेतून वळून बॅग मागे फेकली की मणक्याची चकती सरकते. उपाय साधे आहेत पण पाळावे लागतात: गुडघ्यांना पॅड, बॅग अंगाजवळ घेऊन उचलणे, कंबर न वळवता गुडघ्यांवरच अख्खं शरीर फिरवणे, २३ किलोच्या वरच्या 'हेवी' टॅगच्या बॅगेला दोघे, ३२ किलोच्या वरची एकच बॅग असेल तर ती काउंटरवरच दोन करून घ्यायला हवी होती, म्हणून परत पाठवा. होल्डमध्ये आतल्या माणसाला दर वीस मिनिटांनी बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तोच सगळ्यात कमी केला जातो.

बेल्टवर चढून होल्डमध्ये जायचं नाही, बेल्ट बंद असला तरीही. ७३७ चा कार्गो दरवाजा आतल्या बाजूने वर उघडतो आणि छताच्या लॅचला अडकतो. लॅच नीट बसला की नाही ते दरवाजा खाली ओढून तपासा, नाहीतर तो डोक्यावर येतो. ए-३२० चा दरवाजा हायड्रॉलिकने बाहेर उघडतो. ४० नॉटच्या वर वारा असेल तर तो चालवायचा नाही.

एटीआर

कोल्हापूर, नाशिक, जळगाव या ठिकाणी एटीआर येतं, आणि तिथे जेटची सवय असलेला माणूस चुकतो. एटीआरला एपीयू नसतो. बेवर उजवं इंजिन चालू ठेवून प्रोपेलरला ब्रेक लावतात, त्यालाच हॉटेल मोड म्हणतात. म्हणजे प्रोपेलर स्थिर, पण इंजिन जिवंत आणि मागचा झोत कढत. जवळजवळ चार मीटर व्यासाचं, सहा पात्यांचं ते प्रोपेलर फिरताना पारदर्शक दिसतं, रात्री तर दिसतच नाही. स्थिर असतानाही पात्यांच्या वर्तुळात आणि प्रोपेलर ते फ्यूजलाज (विमानाचं धड) यांच्या मधल्या जागेत जायचं नाही, शॉर्टकट म्हणून तर कधीच नाही. प्रवासी मागच्या डाव्या दारातून चढतात. त्यांच्या वाटेवर माणूस उभा करा, कारण फोन बघत चालणारा प्रवासी पंखाकडे कधीही वळतो.

डोकं, डोळे, हात

फ्लॅपची (पंखाच्या मागच्या हलत्या भागाची) मागची कड, अँटेना, पिटो ट्यूब (वेग मोजायची नळी), ड्रेन मास्ट (सांडपाणी बाहेर सोडणारी नळी) हे सगळं कपाळाच्या नाही तर डोळ्याच्या उंचीवर येतं. ७३७ बुटकं असल्याने त्यात जास्तच. बंप कॅप घाला. टोपीची पुढची छपरी मात्र वरचं दिसू देत नाही, म्हणून आखूड छपरीची घ्या. ड्रेन मास्ट आणि पिटो ट्यूब यांना आतून हीटर असतात. विमान नुकतंच आलं असेल तर कव्हर चढवताना हातमोजा घाला.

टॉयलेट सर्व्हिसवाल्यांसाठी: पॅनल उघडल्यावर झाकण काढताना थेट खाली उभं राहू नका. आतला प्लग गळत असेल तर पाइपात साठलेलं सगळं झाकणामागे वाट बघत असतं. तोंडावर शील्ड, लांब हातमोजे, बाजूला उभं राहून झाकण आधी किंचित सैल करा, गळतं का बघा, मग पूर्ण उघडा.

टेक्निशियनसाठी: हायड्रॉलिक

हा भाग जीवघेणा आहे म्हणून सावकाश वाचा. १० जुलै २०१९ रोजी कोलकात्यात क्यू-४०० विमानाच्या मुख्य चाकाच्या कप्प्यात काम करणाऱ्या टेक्निशियनवर दरवाजा अचानक मिटला आणि तो मेला. हायड्रॉलिक दरवाजा येण्याचा आवाज होत नाही आणि मध्ये माणूस आहे म्हणून तो थांबत नाही.

कप्प्यात शिरण्याआधी:

१. लँडिंग गिअरच्या लॉक पिना तिन्ही जागी, लाल फडकी बाहेर लोंबलेली.
२. उघडलेल्या प्रत्येक दरवाजाच्या अॅक्चुएटरला (दरवाजा हलवणाऱ्या दट्ट्याला) सेफ्टी कॉलर, म्हणजे तो अडवणारं कडं. आकार त्या विमानाचाच. दुसऱ्या विमानाची 'बसते' म्हणून चालवायची नाही.
३. कॉकपिटमध्ये गिअर लिव्हर आणि हायड्रॉलिक पंपांच्या स्विचवर 'चालवू नका'चा टॅग, आणि शक्य असेल तिथे सर्किट ब्रेकर ओढून त्याला क्लिप.
४. दाब देण्याआधी कॉकपिटमधला माणूस हेडसेटवर विचारतो, खालचा माणूस सगळीकडे फिरून बघतो आणि 'मोकळं' म्हणतो. खालून उत्तर नाही तर दाब नाही.

हायड्रॉलिक चालू झालं की गिअरचे दरवाजेच नव्हे, स्पॉयलर (पंखावर वर उघडणाऱ्या फळ्या), फ्लॅप, रडर, थ्रस्ट रिव्हर्सर काहीही हलू शकतं. पंखावर स्पॉयलरखाली हात घालून काम करताना हाच क्रम लागू होतो.

गळती शोधायला हात फिरवायचा नाही. सुईच्या भोकातून ३००० पीएसआयने निघालेली धार दिसत नाही आणि कातडी भेदते. पुठ्ठा किंवा लाकडाची पट्टी फिरवा. स्कायड्रॉल हे जांभळट हायड्रॉलिक तेल डोळ्यांना भयंकर झोंबतं. चष्मा नसेल तर काम सुरू करू नका.

पुशबॅक

१६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत हैदराबादला निघालेल्या ए-३१९ च्या पुशबॅकच्या वेळी एक टेक्निशियन इंजिनात ओढला गेला. पुशबॅकला इंजिनं चालू होत असतात, लोकांचं काम संपत आलेलं असतं आणि नजर पुढच्या विमानाकडे लागलेली असते.

टोबार (ट्रॅक्टर आणि विमान जोडणारा दांडा) जोडण्याआधी बायपास पिन घाला. ती नसेल आणि कॉकपिटमधून स्टिअरिंगला दाब मिळाला तर पुढचं चाक वळतं, टोबार जोरात बाजूला फिरते आणि तिच्याजवळ उभ्या माणसाचे पाय मोडतात. टोबारचं डोकं उचलताना पाय खाली ठेवू नका. हेडसेटवाला पुढच्या चाकापासून आणि टोबारपासून किमान तीन मीटर बाजूला, ट्रॅक्टरवाल्याला दिसेल असा. चालत्या विमानासमोरून किंवा टोबार ओलांडून कधीच जायचं नाही, वायर अडकली तर वायर सोडून द्यायची.

पुशबॅक संपल्यावर क्रम: वैमानिकाने पार्किंग ब्रेक लावल्याचं सांगितलं, मग टोबार सुटली, ट्रॅक्टर मागे गेला, मग बायपास पिन काढली, मग हेडसेट काढला. मग इंजिनापासून लांबच्या बाजूने, वैमानिकाला दिसेल अशा ठिकाणी येऊन पिन हातात उंच धरून दाखवायची आणि त्याने हात केल्याशिवाय निघायचं नाही.

लागलंच तर

स्कायड्रॉल किंवा इंधन डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून सलग १५ मिनिटं स्वच्छ पाणी, मग डॉक्टर. जेट ए-१ (विमानाचं इंधन) अंगावर सांडलं तर कपडे ओले असतानाच पाण्याखाली उभं राहून काढा. कोरडे काढताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

हायड्रॉलिकची धार कातडीत शिरली असेल तर जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसते आणि पहिला तासभर दुखतही नाही. म्हणून माणूस पट्टी लावून परत कामाला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी बोट काळं पडतं. ही शस्त्रक्रियेची तातडीची केस आहे. लगेच हॉस्पिटलमध्ये न्या, तेलाचं नाव आणि दाब कागदावर लिहून द्या, आणि डॉक्टरला 'टोचलं' न म्हणता 'दाबाने तेल आत गेलं' असं सांगा.